टाकीत गंज, जेटमध्ये तार आणि वर म्हणे 'बोअर गेला'

क्लच केबलची तार. स्टीलची! तिचा एक पदर सुटा केला, दोन बोटांत धरून सरळ केला आणि घातला कार्ब्युरेटरच्या पायलट जेटमध्ये. सोलापुरात होटगी रोडवरच्या एका गॅरेजात मेकॅनिकने, आज भर दुपारी, वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या स्प्लेंडरच्या मालकाच्या डोळ्यांदेखत. भोकातून पलीकडचा उजेड दिसल्यावर चेहऱ्यावर काय ते समाधान! "निघाला की मालक कचरा. आता बघा कशी पळतीय."

पळत नसते बे!

ते जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी बारीक तोटी, पितळेचं असतं. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं आणि त्या मापावरच गाडीचं सगळं स्लो रनिंग (रेस न देता इंजिन चालू राहणं) चालतं. पितळ मऊ, स्टील कडक. तार चार वेळा आत-बाहेर केली की भोक रुंदावतं, कड वेडीवाकडी होते. डोळ्यांना काही दिसत नाही, गाडीला मात्र लगेच कळतं. स्लोवर पेट्रोल जास्त जायला लागतं, प्लग काजळीने काळा पडतो, गरम झाल्यावर सिग्नलला गाडी बंद पडते, अ‍ॅव्हरेज बसतो. मग एअर स्क्रू, म्हणजे स्लोची हवा कमी-जास्त करणारा स्क्रू, पिळत बसायचं. तो कितीही पिळला तरी जमत नाही, कारण भोकच आता मापाचं राहिलेलं नाही. आणि शेवटी हात पुसत निदान: "बोअर गेलाय. रिबोअर करावं लागतंय." अहो, बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, चांगला होता! घालवलं ते जेट, आणि घालवलं तुम्ही.

बरं, त्याच गॅरेजात कॉम्प्रेसर होता. चालू होता. टायरमध्ये हवा भरायला चालतो, जेटवर धरायला काय त्याला पाप लागतं? जेट काढायचं, कार्ब क्लीनर मारून अर्धा तास भिजू द्यायचं, मग पेट्रोल ज्या बाजूने येतं त्याच्या उलट बाजूने हवा मारायची. कार्ब्युरेटरच्या अंगातली बारीक भोकंही तशीच फुंकायची, नुसती जेटं चकचकीत करून भागत नाही. एवढ्यावर नाही सुटलं तर विजेच्या वायरमधला तांब्याचा एक केसासारखा तंतू, तोही हलक्या हाताने. तरीही नाही सुटलं तर नवीन जेट घ्या. रिबोअर, पिस्टन, रिंगा यांच्या बिलापुढे जेटची किंमत म्हणजे चहा-भज्यांचा खर्च.

आणि बाउलचे, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीचे, ते स्क्रू! दिसायला साधी फुली, पण जपानी मापाची, जेआयएस. आपला नेहमीचा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर उसळतो आणि फुलीचं गोल भोक करून ठेवतो. मग छिन्नी. मग हातोडा. सोलापुरात फिरणाऱ्या कुठल्याही जुन्या शंभर सीसीचा कार्ब्युरेटर उघडून बघा, एक-दोन स्क्रूंचे चेहरे तरी विद्रूप झालेले असतातच.

मुळात जेटपर्यंत वेळ आली कशी? गाडी वर्षानुवर्षं जिन्याखाली उभी. बाहेर काढल्यावर सगळ्यांचा पहिला उद्योग एकच: अर्धा लिटर टाका की, किक मारून बघू! आत जुनं पेट्रोल असताना वरून नवं. झाकण उघडल्यावर वार्निशसारखा आंबूस वास येतो, तळाला तपकिरी गाळ असतो, तरी नाकाला रुमाल लावून ओततात. त्यात आता इथेनॉल. आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या मळीतून निघतं, त्याच्याशी भांडण नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर झालं की ते इथेनॉलला घेऊन खाली बसतं. खाली म्हणजे नेमकं टाकीच्या तळातल्या पेट्रोल कॉकच्या तोंडाशी. तिथून गंज सुरू. तोच गंज किक मारताना कार्ब्युरेटरमध्ये उतरतो, पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोट निडलच्या बैठकीत अडकतो, गाडी ओव्हर व्हायला (पेट्रोल उतू जायला) लागते आणि मग येते ती क्लच केबलची तार.

आधी टाकी उतरवा ना! स्प्लेंडरची टाकी काढणं काही शस्त्रक्रिया नाही. जुनं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा, पाणी किती आणि गाळ किती ते आपोआप दिसतं. गंज असेल तर कॉक काढून भोक बंद करा, टाकी व्हिनेगरने गळ्यापर्यंत भरा आणि एक दिवस ठेवा. जाड गंजासाठी आत नट टाकून हलवतात. ते मोजून टाका आणि मोजून काढा, नाहीतर एक कायमचा आत वाजत राहतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, साध्या पाण्याने धुवायचं आणि त्याच तासाला ड्रायरने किंवा उन्हात कोरडं करायचं. "वाळेल की संध्याकाळपर्यंत" म्हटलं की संध्याकाळी पुन्हा केशरी टाकी. कोरडी झाल्यावर थोडं पेट्रोल आणि चमचाभर इंजिन ऑइल आत फिरवायचं. कॉकची जाळी नवी, पेट्रोल पाइप नवा. जुना पाइप बोटाने वाकवला की तडकतो, तो गरम इंजिनावर लोंबकळत ठेवायला फार मोठं काळीज लागतं.

असं गॅरेजात जाऊन बोलणाऱ्याला काय मिळतं? उन्हातलं स्टूल, आणि "मालक, मग तुम्हीच करा की." खिशात जेआयएस पेचकस घेऊन फिरणारा माणूस लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याला फ्लोट निडल समजावून सांगतो आणि वर शेजारचं पान रिकामं का झालं याचं नवल करतो. माझी रक्तदाबाची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले, मोटरसायकलीपासून लांब राहा. त्यांची स्वतःची बुलेट चार वर्षं बंद आहे, तीही प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली! ताडपत्रीखाली ओल कोंडते हो, साहेब. त्यापेक्षा जुनी सोलापुरी चादर टाका, निदान हवा तरी खेळते.

पण ती किक. ती डोक्यातून जात नाही. इतकी वर्षं थांबलेल्या इंजिनात सिलिंडरची भिंत कोरडी असते, रिंगा चिकटलेल्या असू शकतात, आणि ह्यांचं आपलं उडी मारून किक! बोअर जातो तो असा. प्लग काढा. भोकातून चहाचा चमचाभर, म्हणजे पाचेक मिली, इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअर, आणि मागचं चाक हाताने हळू फिरवा. फिरलं तर देवाची कृपा. नाही फिरलं तर आणखी ऑइल आणि आणखी दिवस. किकवर नाचलात तर रिंग तुटते, नाहीतर किकचा दांडा घसरतो. मोकळं झालं की जुनं ऑइल काढून नवं भरा, स्प्लेंडरला साधारण ९०० मिली. जुनं डिपस्टिकवर सोनेरी दिसलं तरी त्यात ओल असते. ऑइलची जाळी साफ करा. मग प्लग बाहेरच ठेवून, भोकावर फडकं धरून दहा-वीस किका, म्हणजे ऑइल वरपर्यंत चढतं. प्लग कॅप मात्र उघडी सोडू नका. त्यात प्लग बसवून तो हेडला टेकवा, नाहीतर सीडीआय, म्हणजे प्लगच्या ठिणगीचा इलेक्ट्रॉनिक डबा, बसतो आणि पुन्हा ऐकायला मिळतं, "करंटच नाही की मालक!"

चालू झाल्या झाल्या रेस कशाला पिळता? कोणाला ऐकवायचंय? एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड-दोन फेरे उघडा, गाडी गरम होऊ द्या आणि स्लो १४०० आरपीएमच्या आसपास लावा. त्याआधी एअर फिल्टरचा डबा उघडला होता का? उंदराचं घरटं, कुजलेला फोम, सगळं तिथेच असतं, आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीची माती.

आणि गाडी चालू झाली की सगळे टाळ्या वाजवून मोकळे. ब्रेक? ड्रम उघडायचा कुणी? लायनर (ब्रेकचा घासणारा थर) शूपासून सुटलेला असतो, शू फाकवणारा ब्रेक कॅम गंजून अडकलेला असतो. दाबला की लागतो आणि सुटतच नाही. कॅमला चिमूटभर ग्रीस, लायनरला एक थेंबही नाही. आणि ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. बघा, नको तिथे बरोबर कॉम्प्रेसर आठवतो!

टायरच्या बाबतीत तर बोलायचीच सोय नाही. "नख्या आहेत की अजून." नख्या आहेत, रबर मेलंय! बाजूला चार आकडे असतात: ३५१४ म्हणजे २०१४ सालचा पस्तिसावा आठवडा. सोलापूरच्या उन्हाळ्यात इतकी वर्षं तापलेला टायर पावसाच्या पहिल्या सरीत सात रस्ता चौकात काय करतो ते ओळखा. ट्यूब आणि रिमची पट्टीही त्याच वयाची. शॉकअपचे सील, हँडलचा कोनसेट, चेन यांचं तर नावही कुणी काढत नाही. त्याऐवजी आधी काय होतं? स्टिकर! टाकीला पॉलिश! चाकांना निळ्या पट्ट्या आणि रील!

टाकीवर हिरो होंडा लिहिलंय म्हणजे गाडी २०११ च्या आसपासची किंवा त्याआधीची, आरसीची १५ वर्षं संपलेली तरी किंवा संपत आलेली. त्याचं नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी नंबर प्लेट. उशिराचा दंड महिन्यांच्या हिशेबाने वाढतो. हे सांगितलं की मालकाचा चेहरा पडतो आणि मेकॅनिक त्याचा खांदा थोपटतो, "गल्लीतल्या गल्लीत फिरवा की, कोण धरतंय!"

पायलट जेटमध्ये अजून ती तार आहे.