दिवाणाखाली पाय अडकवण्याआधी

गौरी बोळवल्या की नवरात्राला एकवीस-बावीस दिवस उरतात आणि बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज न चुकता येतो. यंदा मला तो चार ग्रुपवर मिळाला. मजकूर असा: ‘पहाटे डोळे उघडल्याबरोबर अंथरुणातच शंभर सिटअप्स. पाय दिवाणाखाली घट्ट अडकवा, पोटाला प्लास्टिक गुंडाळा. दुखलं तर समजा चरबी जळतेय, थांबू नका. एकवीस दिवसांत ढेरी साफ! आपले आजोबा आखाड्यात हेच करायचे.’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या मेसेजपायी आलेला यंदाचा पहिला पेशंट घरचाच निघाला, नणंदेचे यजमान. भाऊजींचं वय बावन्न, नोकरी खुर्चीतली. सहाव्या दिवशी ते आमचा जिना आडव्या अंगाने, एक-एक पायरी मोजत चढले. पायात मोजे नव्हते, कारण वाकून घालताच येईनात. ‘वहिनी, जरा कंबर लागलीय,’ म्हणाले. जरा!

तेव्हा मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊ.

पोटाचा व्यायाम केला की पोटाचीच चरबी जळते, हे सगळ्याचं मूळ. चरबी कातडीखाली आणि आत आतड्यांभोवती असते, स्नायू वेगळा. स्नायू काम करायला लागला की तो शेजारच्या चरबीला हाक मारत नाही. इंधन रक्तातून येतं आणि रक्तात ते अख्ख्या शरीरातल्या साठ्यातून उतरतं. कुठून आधी उतरायचं हे तुमचे हॉर्मोन आणि आईवडिलांकडून आलेली ठेवण ठरवते. अमेरिकेत 1984 साली हे चक्क सुई टोचून तपासलं गेलं. तेरा पुरुषांनी 27 दिवसांत प्रत्येकी 5004 सिटअप्स काढल्या. त्याआधी आणि नंतर त्यांच्या पोटाच्या, पाठीच्या आणि नितंबांच्या चरबीच्या पेशींचा आकार मोजला, तर तिन्हीकडे फरक सारखाच. 2011 मध्ये आणखी एक प्रयोग झाला: सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पोटाचे सात व्यायाम. पोटावरची चरबी होती तेवढीच राहिली. वाढला तो फक्त दम, म्हणजे माणसं आधीपेक्षा जास्त क्रंचेस (नुसते डोकं-खांदे उचलायचे अर्धे सिटअप्स) काढू लागली. तोही फायदाच, पण मेसेजने कबूल केलेला नव्हे.

हिशेबही करून बघा. शंभर सिटअप्सना पाच-सहा मिनिटं लागतात, फार तर पन्नासेक कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. म्हणजे एका किलोला दीडशे दिवस, तेही मधल्या वेळेला लिलो चेवड्याच्या बरणीत एकदाही हात घातला नाही तर. त्यापेक्षा दोन तास गरबा खेळा, खर्च कितीतरी जास्त होईल. पोट खरंच किती आहे ते बघायचं तर शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सोडून. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि बायकांना 80 ही मर्यादा धरतात. भाऊजी 101.

‘पहाटे डोळे उघडल्याबरोबर’ हे तर सर्वांत वाईट. मणक्यांमधल्या गाद्या रात्रभर पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंची सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने जास्त भरते. फुगलेली गादी ताठ असते आणि वाकलं की तिच्यावर ताण जास्त येतो. जुनाट कंबरदुखीच्या लोकांना सकाळचे पहिले काही तास वाकणं टाळायला लावलं, एवढ्यानेच त्यांचं दुखणं कमी झालं, असं 1998 च्या एका अभ्यासात दिसलं. औषध नाही, यंत्र नाही. तेव्हा आधी उठा, चहा घ्या, कमाटीबागेत एक फेरी मारून या, मग काय तो व्यायाम.

आता दिवाण. पाय अडकवले की उठायला सोपं जातं ना? ते पोटामुळे नाही. कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणारा एक जाड स्नायू आहे, सोआस नावाचा. पाय बांधलेले असले की तो तुम्हाला ओढून बसवतो आणि ओढताना मणके एकमेकांवर दाबतो. कॅनडातले पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी मोजलं, तर एका सिटअपला हा दाब 3300 न्यूटनच्या आसपास भरला. साध्या भाषेत तीनशे तीस-चाळीस किलो. अमेरिकेत ओझी उचलणाऱ्या कामगारांसाठी 3400 न्यूटनला धोक्याची रेघ आखलेली आहे. त्या रेघेला शंभर वेळा टेकून यायचं, तेही उपाशीपोटी आणि ताठ गाद्यांनिशी! अमेरिकेच्या मरीन दलाने 2023 पासून आपल्या चाचणीतून सिटअप्स काढून प्लँक घेतला, म्हणजे कोपर आणि पावलांवर धड सरळ तोलून धरणं. विशीतली कितीतरी मुलं जन्मभर सिटअप्स काढतात आणि त्यांना काही होत नाही, हेही खरं. पण मेसेज विशीतली मुलं वाचत नाहीत, त्यांचे काका वाचतात.

पोटाच्या स्नायूंचं रोजचं काम आपल्याला दुमडणं हे नाहीच, कणा हलू न देणं हे आहे. पाण्याची बादली एका हाताने उचला आणि दुसऱ्या कुशीला हात लावून बघा, तिथे काय घट्ट होतं ते कळेल. व्यायामही त्याच जातीचा हवा. दुखणं ओसरल्यावर भाऊजींना सतरंजीवर उताणं झोपवलं. एक गुडघा वाकवलेला, दुसरा पाय सरळ. त्यांचेच दोन्ही तळवे कमरेच्या पोकळीखाली सरकवले, म्हणजे ती पोकळी सपाट व्हायला नको. म्हटलं, आता फक्त डोकं आणि खांदे उचला, डोक्याखालचा कागद जेमतेम सरकेल एवढेच. हनुवटी छातीला चिकटवायची नाही, श्वास रोखायचा नाही, दहापर्यंत मोजायचं.

‘एवढंच?’ म्हणाले. सातपर्यंत मोजलं आणि पोट थरथरायला लागलं.

याच्या जोडीला दोन. कुशीवर, कोपर आणि गुडघ्यांच्या आधाराने कंबर उचलून धरायची. जमू लागलं की गुडघ्यांऐवजी पावलांवर. आणि घोडा-घोडा खेळताना होतो तसं हात-गुडघ्यांवर येऊन समोरासमोरचे हात-पाय, म्हणजे उजवा हात आणि डावा पाय, सरळ रेषेत लांब करायचे. पाठीवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडू नये. तिन्हीत दहा-दहा सेकंद धरून सोडायचं. तीन-तीन मिनिटांच्या प्लँकचे विक्रम ज्यांना फोटो टाकायचेत त्यांनी करावेत.

‘दुखलं तर चरबी जळतेय.’ चरबीला जळताना दुखत नाही. स्नायूत होणारी आग व्यायाम थांबवल्यावर मिनिटाभरात विझते. कमरेत कळ आली, पायात उतरली, मुंग्या आल्या की त्याच क्षणी थांबा. लघवीवरचा ताबा गेल्यासारखा वाटला तर फिजिओकडेही नको, सरळ हॉस्पिटल. रक्तदाब असेल त्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये. हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि बाळंतपण झालेल्या मुलींनो, डोकं उचलताना पोटाच्या मध्यरेषेवर उभा उंचवटा दिसला तर क्रंचेस बंद, आधी दाखवून घ्या. मेसेज पाठवणाऱ्या मावशी हे विचारत नाहीत.

प्लास्टिकने घाम येतो. घाम म्हणजे पाणी. दोन ग्लास प्यायलात की वजन परत.

राहिले आजोबा. माझे आजेसासरे इथल्या जुम्मादादा व्यायाममंदिरात जायचे, ते चालवणाऱ्या प्रोफेसर माणिकरावांच्या काळात. तिथल्या दंड, बैठका, मल्लखांब, मुद्गल, लेझीम यांबद्दल घरात अजून बोलतात. पलंगाखाली पाय घालून सिटअप्स काढल्याचं मात्र कोणाला आठवत नाही. आणि दंड बघा नीट. हात-पावलं जमिनीवर, मधलं धड अधांतरी, पोटाने कंबर तोलून धरलेली. आजचा प्लँक याहून वेगळा काय आहे? मुद्गल फिरवतानाही तेच, वजन एका बाजूला पळतं आणि पोट-कुशी त्याला अडवतात. आजोबांचंच करायचं असेल तर खुशाल करा, भिंतीला हात टेकून केलेल्या दंडापासून सुरुवात करा.

भाऊजी अष्टमीला आले. जिना सरळ चढले, मोजे स्वतः घातलेले. दोन फेऱ्या गरब्यातही फिरून आले होते. मी टेप काढली.

‘वहिनी, पण हे तर एकशे एकच आहे!’

‘हो,’ मी म्हटलं, ‘एकशे एकच असणार.’