लाल दोऱ्याचं कोपर

माझ्या निळ्या शर्टाचं कोपर गेलं. फाटलं म्हणण्यापेक्षा विरत आलं होतं. हात टेकवला आणि चर्रकन आवाज आला. घरातला निळा दोरा नेमका वेगळ्या निळ्याचा. दोन-तीन छटा लावून बघितल्या, प्रत्येक वेळी चोरी पकडल्यासारखंच दिसायचं. शेवटी वैतागून लाल दोरा ओवला.

रफू म्हणजे भोक शिवून टाकणं नव्हे, हे तेव्हा कळलं. भोकाच्या कडा आधीच कमजोर असतात, म्हणून सुरुवात जरा लांबून, धड कापडापासून करायची. आधी उभे धागे, मग त्यांतून एक वर एक खाली असे आडवे. म्हणजे तेवढ्यापुरतं चक्क विणायचं. दोरा ओढला की चुण्या पडतात. (पडल्यात. दोन.)

शर्ट घातला खरा, पण पहिल्या दिवशी कोपर टेबलाखालीच होतं. लाज कसली? आपल्या भाषेतच ठिगळाला मान नाही. थातुरमातुर कामाला आपण 'ठिगळं लावली' म्हणतो.

आणि विकतची फाटकी जीन्स मात्र ऐटीत घालतो! जीन्सला तो विटका, झिजलेला रंग यावा म्हणून कारखान्यांत जोराच्या हवेने वाळू मारत. ती धूळ फुप्फुसात जाऊन कामगारांना सिलिकोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार व्हायचा, माणसं मेली. तुर्कस्तानने २००९ मध्ये ही पद्धत बंद केली. कापड न वापरताच वापरल्यासारखं दिसावं, यासाठी हे सगळं.

हल्ली उठून दिसणारी रफू फॅशनमध्ये आहे. मला आवडते, पण तिचं फार कौतुक करवत नाही. जपानच्या थंड उत्तर भागात कापूस पिकत नसे, म्हणून तिथले शेतकरी चिंधीवर चिंधी शिवून कपडे पिढ्यान् पिढ्या टिकवायचे. अशा कपड्यांना 'बोरो' म्हणतात. आज ते संग्रहालयांत आहेत; घालणाऱ्यांनी मात्र हौसेने शिवले नव्हते. माझ्याकडेही आणखी चार धड शर्ट आहेत, म्हणून लाल दोरा परवडतो. ज्याच्याकडे एकच आहे त्याला रफू दिसू नये असं वाटलं, तर त्याला 'अपूर्णतेतलं सौंदर्य' शिकवायला मी जाणार नाही. आणि न दिसणारी रफू करणाऱ्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी पट तयार असतो, हेही आहेच.

दुसरं कोपर काल उजेडात धरून पाहिलं. जाळी दिसायला लागलीय. या वेळी फाटायची वाट बघणार नाही. दोरा लालच घेणार, फक्त ओढणार नाही.