सीव्ही टाकल्यानं युवानिधी बंद होत नाही, आधार मात्र ग्रुपवर टाकू नका

खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या मराठी ग्रुपांवर सध्या युवानिधीबद्दल, म्हणजे कर्नाटक सरकारच्या बेकार भत्त्याबद्दल, एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो सहा जणांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: "युवानिधी घेणाऱ्यांनो, सावधान! नोकरीच्या साइटवर सीव्ही टाकला की सरकारला कळतं आणि पैसे बंद होतात. सीव्ही फक्त आपल्या ग्रुपवर टाका. आधार, जन्मतारीख, वडिलांचं नाव, पासबुक सगळं जोडा, नाहीतर कंपन्या बघत नाहीत. आपलीच माणसं आहेत, लपवायचं काय? आता डेटाचा कायदाही आलाय."

मी खानापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवतो. हा मेसेज वाचून नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल काढून टाकायला आलेली तीन पोरं मी एका आठवड्यात पाहिली. त्यातल्या एकीनं विचारलं, "काका, हे खरं काय ओ?" तिला दिलेलं उत्तर इथं सविस्तर लिहितोय.

आधी पैसे बंद होण्याचं बघू. युवानिधीची नोंदणी २६ डिसेंबर २०२३ ला सुरू झाली आणि पहिली रक्कम १२ जानेवारी २०२४ ला शिवमोग्ग्यातल्या कार्यक्रमात दिली गेली. पदवीधराला महिना ३००० रुपये, डिप्लोमावाल्याला १५००. शिक्षण संपून १८० दिवस झाले तरी काम नाही, अशांसाठी ही योजना आहे आणि ती जास्तीत जास्त दोन वर्षं किंवा काम मिळेपर्यंत चालते. नोकरी लागली, स्वतःचा धंदा सुरू झाला किंवा पुढच्या शिक्षणाला प्रवेश घेतला, तर हक्क संपतो. काम शोधणं त्यात कुठंही नाही. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, तेच मुळी बेकारांनी नाव नोंदवावं म्हणून. होनगा, उद्यमबाग, शिनोळी किंवा कागलच्या कारखान्यांत अर्ज करायचा तर सीव्ही लागणारच. तीन हजारांच्या भीतीनं तो दडवून ठेवला, तर पोराचं नुकसान तीन हजारांपेक्षा मोठं आहे.

या भीतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, ती सांगायलाच हवी. बरीच पोरं सीव्हीत रिकामी जागा दिसू नये म्हणून "२०२४ पासून अमुक ठिकाणी कार्यरत" असं लिहून ठेवतात. काम केलेलं नसतंच, किंवा मामाच्या दुकानात महिनाभर बसलेलं असतं. तोच पोरगा सेवा सिंधूवर, म्हणजे राज्य सरकारच्या ऑनलाइन अर्जांच्या साइटवर, "मला नोकरी नाही" असं स्वयंघोषणापत्र देतो. दोन्ही कागद एकाच माणसाचे आणि दोन्ही एकमेकांना खोटं पाडणारे. खोट्या घोषणेला दंड आहे. इथं उपाय सीव्ही लपवण्याचा नाही, सीव्हीत खरं लिहिण्याचा आहे. आणि खरोखर कामाला लागला असाल तर सीव्ही लपवूनही काही उपयोग नाही, कारण पीएफचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आधारशी जोडलेला असतो आणि पीएफ कापणाऱ्या नोकरीची नोंद तिथं होतेच.

आता "ग्रुपवरच टाका". मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच, आणि मला राग येतो तोही याच्यावर. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात. त्यातल्या किती जणांना आपण चेहऱ्यानं ओळखतो? बऱ्याच ग्रुपांची लिंक उघडी फिरत असते, ती दाबली की कुणीही आत. मेसेज मधल्या मध्ये कुणी वाचू शकत नाही हे खरं, पण आत बसलेल्या माणसाला ती पीडीएफ उतरवून घेण्यापासून कोण अडवणार? नोकरीच्या साइटवर निदान प्रोफाइल कोणाला दिसावं याची सेटिंग असते आणि आपण ते काढूनही टाकू शकतो. ग्रुपवरून उतरवलेली फाइल परत येत नाही.

त्यात आधार जोडलं की काय होतं? ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल, बस्स. म्हणजे सीव्हीत नाव आणि जन्मतारीख लिहून शेजारी ई-आधार टाकणं म्हणजे कुलूप लावून किल्ली त्यालाच लटकवणं. युवानिधीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, आणि अशा खात्यातून आधार क्रमांक आणि बोटाच्या ठशावर पैसे काढता येतात. ठसा कुठून मिळणार, असं कुणी म्हणेल. २०२३ मध्ये कर्नाटकातच नोंदणी खात्याच्या दस्तांवरचे ठसे उचलून लोकांच्या खात्यांतून पैसे काढल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. आधारच्या अधिकृत ॲपमधून बोटांचे ठसे फुकट लॉक करता येतात. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी ते आधी करायला सांगतो.

फसवणारा नेहमी चोरटाच वाटतो असंही नाही. सीव्ही वाचून त्याला तुमची पदवी, कॉलेज, पास झाल्याचं साल, गाव आणि वडिलांचं नाव कळलेलं असतं. मग फोन येतो, "सेवा सिंधूमधून बोलतोय, तुम्ही अमुक कॉलेजचे बीकॉम ना? तुमचा हप्ता अडकलाय, आलेला ओटीपी सांगा." इतकी खरी माहिती सांगणाऱ्यावर विश्वास का बसणार नाही? माझ्या ओळखीच्या एका पोरीनं असाच ओटीपी दिला. तिला मी वेड्यात काढणार नाही. तिच्याबद्दल सगळं त्या माणसाला ग्रुपवरच्या कागदानं सांगितलं होतं.

"कंपन्या बघत नाहीत" हेही खरं नाही. पहिल्या चाळणीला नाव, मोबाइल, ईमेल, शिक्षण, येत असलेलं काम आणि तालुका एवढं पुरतं. वडिलांचं नाव, जात, लग्न झालंय का, पूर्ण पत्ता ही जुन्या बायोडाटाची सवय आहे, स्थळाच्या कागदावरून उचललेली. आधार आणि बँकेचा तपशील कामावर घेतल्यावर पीएफ आणि पगारासाठी लागतो, त्याआधी नाही. अगदीच ओळखपत्र मागितलं तर मास्क केलेलं आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

कायद्याच्या भरवशावर तर मुळीच राहू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. पण त्याच्या तिसऱ्या कलमातच म्हटलंय की माणसानं स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला हा कायदा लागू नाही. म्हणजे फेसबुकच्या उघड्या पानावर आपणच चिकटवलेल्या सीव्हीला त्याचं संरक्षण मिळत नाही.

"लपवायचं काय?" या प्रश्नाचं उत्तर आपल्याच राज्यातल्या एका माणसानं मिळवून दिलंय. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. भत्ता घेणाऱ्याला तो कमी मिळतो असं त्या निकालात कुठं लिहिलेलं नाही.

हा मेसेज आपल्याच भागात इतका का चालला, याचं कारण मला रोज दुकानात दिसतं. सेवा सिंधूचा अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या पोराला घोषणापत्रातलं कन्नड वाक्य वाचता येत नाही, म्हणून तो फोन आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात देतो, आणि नियम काय ते मराठीत आलेल्या फॉरवर्डवरून समजून घेतो. म्हणून मी अर्ज भरताना प्रत्येक ओळ मराठीत वाचून दाखवतो, ओटीपी त्यालाच टाकायला लावतो आणि संध्याकाळी दुकानातल्या संगणकावरच्या सगळ्यांच्या फाइली पुसतो. तुम्ही दुसरीकडे अर्ज भरलात तर उठायच्या आधी हे करून मागा, लाजू नका.

ओटीपी गेला असेल, पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. आणि ग्रुपचे ॲडमिन हे वाचत असतील तर माझी कळकळीची विनंती: ग्रुपवर आलेले आधार आणि पासबुकांचे फोटो आजच काढा, ज्यांचे होते त्यांना एकेकट्याला कळवा, आणि तो मेसेज जिथं जिथं पुढं पाठवलात तिथं तो चुकीचा होता असं लिहा.