‘दोन पगार, एक कीबोर्ड’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पेअर प्रोग्रॅमिंगवरच्या, म्हणजे दोघांनी एकाच कॉम्प्युटरवर मिळून कोड लिहिण्यावरच्या, माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया इतकी नेमकी आहे की तिची दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसणार नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका कामावर दोघांना बसवलं की खर्च दुप्पट होतो, असं तुमचं म्हणणं आहे. कोड रिव्ह्यू, म्हणजे लिहून झालेला कोड दुसऱ्याने तपासणं, असताना ही चैन कशाला, असं तुम्ही विचारता. प्रयोगांचे जे दाखले दिले जातात ते विद्यार्थ्यांवरचे आहेत, अशीही तुमची हरकत आहे. शिवाय दिवसभर कुणीतरी शेजारी बसून आपल्या स्क्रीनकडे बघत राहणं ही अनेकांसाठी शिक्षा असते, हा तुमचा सगळ्यात कळकळीचा मुद्दा. तुमच्या टीममध्ये हे सक्तीचं झालंय आणि संध्याकाळी कुणाशी बोलायचंही त्राण उरत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. दिवसभर, रोज, सक्तीने जोडी लावणं चुकीचं आहे. जोडीत बसलेला माणूस सतत बोलत असतो, ऐकत असतो, दुसऱ्याच्या विचाराचा धागा आपल्या डोक्यात धरून ठेवत असतो. एकट्याने काम करताना मधेच पाच मिनिटं मन रिकामं सोडता येतं, जोडीत ती मुभा नसते. काही जणांना याने हुरूप येतो, तर काहींची सगळी शक्ती यातच खर्ची पडते. यात स्वभावाचा दोष कुठेच नाही. १९९०च्या दशकाच्या शेवटी केंट बेक यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या शैलीची मांडणी केली तेव्हा प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरात, जाणारा सगळा कोड जोडीनेच लिहावा, असं त्यात होतं. तो आग्रह मला मान्य नाही. पण त्या मांडणीतल्या बारा पद्धतींच्या यादीत आठवड्याला चाळीस तासांचं काम हीसुद्धा एक पद्धत होती, हे मुद्दाम सांगतो. अनेक कंपन्यांनी जोडी उचलली आणि चाळीस तास सोयीस्करपणे वगळले. तुमचा थकवा त्या वगळण्यातून आलेला असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

आता खर्चाचं. विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगांबद्दल तुमची हरकत रास्त आहे. लॉरी विल्यम्स यांचा १९९९ सालचा यूटा विद्यापीठातला प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. त्यात जोड्यांना एकूण मनुष्यतास सुमारे १५ टक्के जास्त लागले आणि दोष साधारण तितक्याच टक्क्यांनी कमी निघाले. आकडे मोहक आहेत, पण ती वर्गातली कामं होती. म्हणून मी नेहमी २००७ सालच्या एका मोठ्या प्रयोगाकडे वळतो. एरिक आरिसहोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटनमधल्या २९ कंपन्यांच्या जावा या भाषेत कोड लिहिणाऱ्या २९५ सल्लागारांवर केला. सगळे पोट भरण्यासाठी कोड लिहिणारे लोक. ९९ जणांनी एकट्याने काम केलं, ९८ जोड्या होत्या.

निकाल तुमच्या बाजूने जातो. सरसकट पाहिलं तर जोडीमुळे काम लवकरही झालं नाही आणि अचूकही झालं नाही. एकूण श्रम मात्र ८४ टक्क्यांनी वाढले. तुमचं ‘दुप्पट’ त्यापासून फार दूर नाही.

पण निकाल तिथे संपत नाही. प्रयोगात एकाच कॉफी मशीनचं सॉफ्टवेअर दोन रचनांमध्ये दिलं होतं, एक सोपी आणि एक गुंतागुंतीची. गुंतागुंतीच्या रचनेवर जोड्यांची बरोबर उत्तरं ४८ टक्क्यांनी जास्त होती, आणि हा फायदा मुख्यतः ज्युनिअर लोकांना झाला. सोप्या रचनेवर अचूकतेत फरक पडला नाही, वेळ मात्र २० टक्के वाचला आणि तो प्रामुख्याने अनुभवी लोकांचा वाचला. म्हणजे जोडी चांगली की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कोणतं काम आणि कोणती माणसं, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणखी एक गोष्ट. प्रयोगात मोजलं गेलं ते समोरचं काम पुरं होईपर्यंतचं. तोच कोड पुढे वर्षभर सांभाळताना कुणाला काय माहीत होतं, कोण रजेवर असताना काम अडलं, हे अशा मोजमापात येऊच शकत नाही. मी जोडीला किंमत देतो ती मुख्यतः त्या नंतरच्या काळासाठी.

‘रिव्ह्यू आहे ना’ या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी वाद घालणार आहे. रिव्ह्यू करणाऱ्याला शेवटी टिकलेला रस्ता दिसतो. कोणते तीन रस्ते सोडून दिले आणि का, हे पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे तपासणीसाठी पाठवलेल्या बदलात, नसतं. एक उदाहरण घ्या. पैसे पाठवणारी सेवा आहे. नेटवर्क तुटलं तर विनंती पुन्हा पाठवायची, आणि एकच व्यवहार दोनदा होऊ नये म्हणून प्रत्येक व्यवहारासोबत एक ‘की’, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख सांगणारा क्रमांक, जायची. लिहिणाऱ्याने ती की पुन्हा-पुन्हा पाठवणाऱ्या लूपच्या आत तयार केली. कोड नीटनेटका, नावं चांगली, टेस्ट हिरव्या, म्हणजे सगळ्या पास. पण प्रत्येक प्रयत्नाला नवी की मिळतेय, म्हणजे समोरच्या सर्व्हरला प्रत्येक वेळी नवाच व्यवहार दिसतोय. पहिल्या प्रयत्नात पैसे गेले आणि फक्त उत्तर हरवलं, तर दुसऱ्या प्रयत्नात तेच पैसे पुन्हा एकदा जाणार.

चारशे ओळींच्या बदलात, दुपारच्या मीटिंगच्या आधी, रिव्ह्यू करणाऱ्याची नजर त्या ओळीवरून सहज घसरते. ती ओळ टाइप होत असताना शेजारी बसलेला माणूस मात्र विचारतो, ‘ही की इथे का बनवतोयस?’ या प्रश्नाला त्या क्षणी काही किंमत मोजावी लागत नाही. ओळ दोन ओळी वर सरकवली की झालं. रिव्ह्यूमध्ये तोच प्रश्न विचारायचा तर कॉमेंट लिहावी लागते, उत्तराची वाट बघावी लागते, आणि काम जवळजवळ संपलेलं असताना मोडतोड सुचवण्याचा संकोच वाटतो तो वेगळाच. अनेक रिव्ह्यू ‘ठीक दिसतंय’वर संपतात ते आळसापेक्षा या संकोचामुळे, असं माझं ठाम मत आहे. याचा अर्थ रिव्ह्यू बंद करा असा नाही. जोडीतले दोघेही एकाच गृहीतकात अडकू शकतात, तेव्हा तिसरी ताजी नजर लागतेच. पण रिव्ह्यू जोडीची जागा घेतो, हे मला पटत नाही.

ज्युनिअर सहकाऱ्यांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय: ‘ते नुसते बघत बसतात.’ हे खरोखर घडतं, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं. सीनिअर भराभर टाइप करतो, टर्मिनलच्या खिडक्या बदलतो, शॉर्टकट मारतो. शेजारचा मान डोलावत राहतो, कारण ‘थांब, मला समजलं नाही’ म्हणायची लाज वाटते. तासाभराने त्याच्या हाती काहीच लागलेलं नसतं, आणि मॅनेजरच्या वहीत मात्र ‘मेंटॉरिंग झालं’ अशी नोंद होते.

यावर मला सापडलेला खात्रीचा उपाय म्हणजे कीबोर्ड कमी माहिती असलेल्याच्या हातात देणं. ल्युएलिन फाल्को यांनी याला स्ट्राँग-स्टाइल पेअरिंग असं नाव दिलं. त्यात कल्पना ज्याच्या डोक्यात आहे त्याने ती बोलून सांगायची आणि टाइप दुसऱ्याने करायची. मग सीनिअरचा वेग आपोआप समोरच्याच्या समजुतीच्या वेगावर येतो. ‘सर्व्हिसचा टाइमआउट बघ’ म्हटल्यावर समोरचा गोंधळला, तर कळतं की टाइमआउट कोणत्या फाइलमध्ये असतो हेच त्याला कधी कुणी दाखवलेलं नाही. सीनिअरच्या बोटांत बसलेलं ज्ञान असं शब्दांत बाहेर पडतं. हे दमवणारं असतं, म्हणून दीड-दोन तासांच्या पुढे ताणू नये. आणि सीनिअरला हे आवडत नसेल तर त्याला यात बसवूच नये. वैतागलेल्या माणसाकडून शिकणारा फक्त त्याचा वैताग शिकतो.

कुठे जोडी नको याबद्दल आपलं फारसं दुमत होणार नाही. फॉर्मवर एक नवा रकाना टाकायचाय, लायब्ररीची आवृत्ती बदलायचीय, वीस फाइलींत एकच नाव बदलायचंय, अशा कामांत दुसरा माणूस खरोखरच वाया जातो. अनोळखी कोड पहिल्यांदा वाचणंही एकट्याचंच काम आहे, कारण वाचनाचा वेग दोघांचा कधीच जुळत नाही. अवघड डिझाइन असेल तर आधी दोघांनी वेगवेगळं बसून विचार करावा, कागदावर काहीतरी खरडावं आणि मगच एकत्र यावं. थेट एकत्र बसलं की जो आधी बोलतो त्याचंच डिझाइन होतं.

‘आता एआय आहे, तोच माझा पेअर’ असंही तुम्ही म्हणता. कोड सुचवणारं गिटहब कोपायलट २०२१ मध्ये आलं ते एआय पेअर प्रोग्रॅमर अशीच ओळख घेऊन. सुचवण्याचं काम ही साधनं चांगलं करतात, मीही वापरतो. पण सर्व्हर पडल्यावर रात्री फोन उचलणारं, आणि ‘ही क्यू (कामांची रांग) आपण मुद्दाम बंद ठेवली होती’ हे सांगणारं दुसरं माणूस त्यातून तयार होत नाही. माहिती एकाच डोक्यात राहते, आणि ते डोकं नोकरी सोडून गेलं की टीम कोरी.

पाळत आणि अप्रेझलचा तुमचा मुद्दा मॅनेजरांनी वाचावा असा आहे. जोडीने काम करायला लावायचं आणि वर्षाच्या शेवटी प्रत्येकाचे कमिट, म्हणजे त्याच्या नावावर नोंदलेले कोडमधले बदल, मोजायचे, हा अन्याय आहे. कीबोर्ड ज्याच्याकडे होता त्याचं नाव लागतं आणि दुसरा दिसेनासा होतो. कमिट मेसेजच्या शेवटी सहलेखकाची ओळ टाकता येते, कोड ठेवायची साइट असलेलं गिटहब २०१८ पासून तो बदल दोघांच्याही नावावर दाखवतं. एवढी साधी सोय असूनही अनेक टीम ती वापरत नाहीत.

तुम्ही विचारलंय की सक्ती असताना आता करायचं काय. मॅनेजरशी बोलताना ‘मला हे आवडत नाही’ इथून सुरुवात करू नका, कारण मग विषय तुमच्या स्वभावावर जातो. स्प्रिंटची, म्हणजे कामाच्या चालू टप्प्याची, यादी समोर ठेवा आणि प्रत्येक तिकिटासाठी, म्हणजे त्यातल्या प्रत्येक कामासाठी, विचारा: इथे चूक झाली तर ती महाग पडेल का, आणि हा भाग सध्या एकालाच माहीत आहे का? दोन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर ते तिकीट एकट्याने करू द्या, असं मागा. उरलेल्यांसाठी जोडीची वेळ सकाळी ठरवून घ्या आणि दुपार मोकळी ठेवा. जोडीदारही दर थोड्या दिवसांनी बदलून मागा, म्हणजे एकाच माणसाच्या सवयींशी रोज झगडावं लागणार नाही. दोन-तीन स्प्रिंटनंतर कोणती तिकिटं बग म्हणून परत आली ते पाहा, जोडीची आणि एकट्याची वेगवेगळी. त्यात जोडीची जास्त निघाली, तर त्या आकड्यांसकट इथे लिहा. त्यावर माझा पुढचा लेख मी तुमच्या बाजूने लिहीन.