पंचवीस प्रकरणांची नॅन्सी आणि वीस प्रकरणांची नॅन्सी

मुलांसाठी लिहिलेल्या जुन्या इंग्रजी रहस्यकथा जमवणाऱ्यांमध्ये मी गेली बरीच वर्षे वावरते आहे. तिथल्या गप्पा बहुतेक वेळा तीन प्रश्नांवर येऊन थांबतात : वरचे जॅकेट आहे का, पहिली छपाई आहे का आणि केवढ्याला पडले. मीही हे प्रश्न विचारते आणि विकणाऱ्याला पुस्तकाची किंमत कळलेली नसली की मनातल्या मनात खूशही होते. पण आत छापलेला मजकूर नेमका कोणता आहे, हे विचारणारे मला फार थोडे भेटले. हार्डी बॉईज (रहस्ये उलगडणारे दोन भाऊ) आणि नॅन्सी ड्रू (तशीच एक मुलगी) या मालिकांच्या बाबतीत तर हाच प्रश्न पहिला असायला हवा, कारण या पुस्तकांत एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या कथा नांदत आहेत.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या दोन मालिकांवर लेखक म्हणून छापलेली फ्रँकलिन डब्ल्यू. डिक्सन आणि कॅरोलिन कीन या नावांची माणसे कधीच अस्तित्वात नव्हती. एडवर्ड स्ट्रेटमेयर या गृहस्थांनी अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांचा एक कारखानाच काढला होता. कथेचा आराखडा सिंडिकेटने, म्हणजे या कारखान्याने द्यायचा, लेखकाने त्यावरून पुस्तक लिहून द्यायचे, ठरलेली रक्कम घ्यायची आणि सगळे हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायची, अशी ती पद्धत होती. १९२७ साली हार्डी बॉईजचे पहिले पुस्तक ‘द टॉवर ट्रेझर’ आले. ते लेस्ली मॅकफार्लेन या कॅनडातल्या पत्रकाराने १२५ डॉलरला लिहून दिले होते. १९३० साली नॅन्सी ड्रू आली, ती मिल्ड्रेड वर्ट या आयोवातल्या तरुणीने लिहिली. (पुढे त्या मिल्ड्रेड बेन्सन झाल्या. पहिल्या तीसपैकी तेवीस पुस्तके त्यांची आहेत, पण जगाला हे ठामपणे कळले ते १९८० साली, प्रकाशकांच्या आपसातल्या एका खटल्यात त्यांची साक्ष झाली तेव्हा. पन्नास वर्षे कोट्यवधी मुलींनी जिचे लेखन वाचले, तिचे नाव उजेडात यायला कोर्टाची पायरी लागावी, याची मला अजूनही चीड येते.)

नॅन्सीची पहिली पुस्तके बाजारात आली आणि थोड्याच दिवसांत स्ट्रेटमेयर वारले. पुढचा कारभार प्रामुख्याने त्यांच्या कन्या हॅरिएट अ‍ॅडम्स यांनी सांभाळला आणि १९५९ पासून जुनी पुस्तके एकेक करून पुन्हा लिहून घेण्याचे काम त्यांनीच सुरू केले. त्यामागे कारणे होती. कृष्णवर्णीय, ज्यू, इटालियन, चिनी अशा पात्रांचे जुन्या पुस्तकांतले चित्रण अपमानकारक होते आणि त्याबद्दल पालकांच्या तक्रारी येत होत्या. शिवाय तोवर मुलांच्या हातात टेलिव्हिजन आला होता, त्यामुळे कथा आटोपशीर आणि वेगवान हवी होती. म्हणून पंचवीस प्रकरणांची पुस्तके वीस प्रकरणांची झाली. एखादी प्रत हातात आली की मी आजही सर्वांत आधी अनुक्रमणिका उघडते, ती याच कारणाने. आवृत्तीच्या पानावर भरवसा ठेवून चालत नाही, कारण तिथे मूळ हक्काचे साल वर्षानुवर्षे तसेच छापले जाई आणि ‘१९३० ची प्रत’ म्हणून मोठ्या रुबाबात दाखवलेले पुस्तक प्रत्यक्षात कितीतरी नंतरचे निघे.

नॅन्सीच्या पहिल्या पुस्तकाची, ‘द सीक्रेट ऑफ द ओल्ड क्लॉक’ची, माझ्या हाती लागलेली प्रत पुण्यात एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात अभियांत्रिकीच्या क्रमिक पुस्तकांच्या ढिगाखाली होती. निळी पुठ्ठ्याची बांधणी, त्यावर नारिंगी अक्षरे आणि भिंग घेतलेल्या मुलीची नारिंगी छायाकृती; जॅकेट अर्थातच नाही. पाने इतकी तपकिरी आणि ठिसूळ, की उलटताना कोपऱ्याचा तुकडा बोटाला चिकटून यावा. आत मालिकेतल्या पुस्तकांची यादी होती आणि ती ‘द क्लू इन द क्रम्बलिंग वॉल’पाशी संपत होती. ते बाविसावे पुस्तक १९४५ चे आणि तेविसावे १९४६ चे, म्हणजे माझी प्रत त्या दोहोंच्या मधली. युद्धकाळातला हलका कागद पानांचा रंगही सांगतच होता. पण मला खरा आनंद झाला तो त्या यादीतल्या पेन्सिलीच्या खुणांनी. कोणीतरी वाचून झालेल्या पुस्तकांपुढे बरोबरच्या खुणा केल्या होत्या, एकूण चौदा. नवव्यापुढे आधी खूण करून ती खोडलेली होती. प्रामाणिक वाचक असणार. जमवणारे अशा खुणांना दोष मानतात आणि किंमत उतरवतात. मी मात्र त्या खुणांसाठी दोन पैसे जास्त दिले असते.

ही प्रत आणि १९५९ नंतरचा मजकूर असलेली प्रत मी शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. जुनी कथा जोसाया क्राउली या म्हाताऱ्याच्या मृत्युपत्राच्या चर्चेने सुरू होते. नव्यात नॅन्सी वडिलांचे काम आटोपून गाडीने परतत असते आणि वाटेत संकटात सापडलेल्या एका लहान मुलीच्या मदतीला धावते. जुनी नॅन्सी सोळा वर्षांची आहे, नवी अठराची. माझ्या दहा वर्षांच्या भाचीने जुनी प्रत चाळता चाळता विचारले, “मावशी, सोळाव्या वर्षी हिला लायसन्स कोणी दिलं?” नव्या मजकुरात नॅन्सीला अठराची करून हॅरिएटबाईंनी या प्रश्नावर तोडगा काढला होता, पण जुन्या प्रतीपुरते मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. जुनी नॅन्सी फटकळ आहे, मोठ्यांना न जुमानणारी आहे. पुढच्या एका पुस्तकात तर वडील तिच्या हाती रिव्हॉल्व्हर देतात. नवी नॅन्सी शालीन आहे, सगळ्यांचे आभार मानत हिंडते. पण ‘ओल्ड क्लॉक’च्या जुन्या मजकुरात बंगल्याचा कृष्णवर्णीय रखवालदार दारुडा आणि हास्यास्पद रंगवला आहे आणि त्याच्या तोंडी मुद्दाम मोडकी भाषा घातली आहे. तो भाग मी भाचीला वाचून दाखवला नाही. पान मिटले आणि चहा करायला उठले, हे कबूल करते.

हार्डी बॉईजचेही तसेच. ‘द टॉवर ट्रेझर’च्या मूळ मजकुरात गावच्या पोलीस प्रमुखाची आणि स्मफ या डिटेक्टिव्हची गाडी चुकावी म्हणून पोरे फळवाल्याच्या गाळ्यापाशी घड्याळाची टिकटिक करणारे खोके ठेवतात आणि बॉम्बच्या भीतीने सगळे पोलीस खाते गडबडून जाते. हा प्रसंग मॅकफार्लेनने इतक्या मजेत लिहिला आहे, की १२५ डॉलरमध्ये एवढा विनोद परवडला कसा असे वाटावे. नव्या आवृत्तीत पोलीस गंभीर आणि कर्तबगार आहेत आणि स्मफ हा पोलीस खात्याबाहेरचा हौशी गुप्तहेर झाला आहे. पोलिसांवर हसणे मुलांच्या पुस्तकातून काढून टाकले, याला मी सुधारणा म्हणणार नाही. आणि त्या गोंधळात ज्याचा गाळा सापडतो तो इटालियन फळवाला ज्या थट्टेने रंगवला आहे, ती थट्टा गेली याचे मला मुळीच दुःख नाही. दोन्ही गोष्टी एकाच कात्रीने कापल्या गेल्या, खरी अडचण तिथे आहे.

आता माझ्याच वयाच्या मित्रमैत्रिणींना न रुचणारे एक सांगते. आपण महाराष्ट्रात लायब्ररीत दिवसाला पन्नास पैसे भाडे देऊन जी हार्डी बॉईज आणि नॅन्सी ड्रू वाचली, ती बहुतेक इंग्लंडहून आलेली आर्माडा या प्रकाशनाची पेपरबॅक होती आणि त्यांचे क्रमांकही अमेरिकन क्रमांकांपेक्षा वेगळे होते. माझ्या वाट्याला आला तो सुधारित मजकूरच. त्यामुळे “आमच्या वेळची अस्सल पुस्तके आता राहिली नाहीत” असे कोणी म्हणाले की मला हसू येते. आपल्या वेळची पुस्तके हीच मुळी दुरुस्त करून आलेली होती. आपल्याला हुरहूर वाटते ती १९३० ची नसून १९५९ ची आहे, आणि तसे म्हणण्यात कमीपणा काहीच नाही.

म्हणून जुने तेच पवित्र मानणाऱ्यांशी माझे जमत नाही आणि जुने सगळे रद्दीत घाला म्हणणाऱ्यांशीही जमत नाही. मुलांच्या हाती मी सुधारित प्रतच देईन, काहीही विचार न करता. पण जुनी प्रत कोणाच्या तरी कपाटात असलीच पाहिजे आणि ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली न राहता उघडून वाचली गेली पाहिजे. ज्या प्रकाशकाने मजकूर बदलला, त्याने काय बदलले ते पुस्तकातच लिहायला हवे, एवढी किमान अपेक्षा आहे. एनिड ब्लायटनच्या फेमस फाइव्हची भाषा २०१० मध्ये नव्याने घडवली गेली आणि वाचकांना ती रुचली नाही म्हणून २०१६ मध्ये तो उद्योग सोडून द्यावा लागला. तिथे निदान सगळे उघडपणे झाले. आपल्याकडे मुलांच्या जुन्या मराठी पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या मी पाहते तेव्हा ‘सुधारित’ हा शब्द दिसतो, कोणता परिच्छेद सुधारला ते मात्र दिसत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे ज्यांच्याकडे जुन्या प्रतींत असेल, त्यांनी नवा संच घेतला तरी त्या प्रती रद्दीवाल्याला देऊ नयेत.

अमेरिकेत हार्डी बॉईजची १९२७ ची पुस्तके २०२३ च्या आरंभी हक्कमुक्त झाली आणि नॅन्सीची १९३० ची पुस्तके २०२६ च्या आरंभी. म्हणजे कोणालाही फुकट छापता येईल असा मजकूर आहे तो रिव्हॉल्व्हरवाल्या नॅन्सीचा आणि दारुड्या रखवालदाराचा, तर शालीन नॅन्सी अजून हक्कांच्या कुलपात आहे. उद्या स्वस्त आवृत्त्यांचा पूर येईल, मुखपृष्ठावर गोड चित्र असेल आणि आत काय आहे ते न बघता आजी-आजोबा नातवंडांच्या वाढदिवसाला ती घेतील. अशा वेळी दोन्ही मजकूर वाचलेल्या माणसांना विचारले जाईल अशी मला आशा आहे, आणि विचारले नाही तरी मी सांगणारच आहे.

सध्या मी हार्डी बॉईजच्या ‘द हिडन हार्बर मिस्टरी’च्या मागे आहे. १९३५ ची मूळ कथा वंशद्वेषी चित्रणासाठी कुप्रसिद्ध आहे आणि १९६१ ची कथा शीर्षक सोडले तर जवळजवळ दुसरीच आहे. दुसरी माझ्याकडे आहे, पहिलीबद्दल फक्त वाचले आहे आणि न वाचता मत देणे मला पटत नाही. कोणाच्या माळ्यावर पंचवीस प्रकरणांची प्रत असेल तर कळवा. जॅकेट नसले तरी चालेल, पेन्सिलीच्या खुणा असल्या तर उत्तमच. पाने मात्र सगळी हवीत.