टाळेबंदीतील दारू आणि कायदा : गावोगाव फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर कोरोनाकाळातील दारूविषयी एक लांबलचक संदेश अजूनही फिरतो आहे. त्याचा आशय असा : केंद्र सरकारने ४ मे २०२० पासून दारूची दुकाने उघडू दिली, त्यामुळे जिल्ह्यांतील दारूबंदी तेव्हाच संपली, सर्वोच्च न्यायालयाने दारू घरपोच देण्याचा आदेश दिला, म्हणजे ती नागरिकाचा हक्क ठरली, दारूने विषाणू मरतो, वणीत सॅनिटायझर पिऊन माणसे मेली ती दारूबंदीमुळे, आणि टाळेबंदीतील सगळे गुन्हे सरकारने मागे घेतल्यामुळे दारूच्या प्रकरणात आता तारखेला जाण्याची गरज नाही. शेवटचा दावा खरा मानून एखाद्या मजुराने न्यायालयात जाणे सोडले, तर त्याच्या नावाने अटकेचे वॉरंट निघू शकते. म्हणून या संदेशाची दखल घेणे भाग आहे.

पहिल्या दाव्यात दोन वेगवेगळ्या कायद्यांची सरमिसळ झाली आहे. टाळेबंदीचे आदेश आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ आणि साथरोग अधिनियम, १८९७ यांच्या आधारे निघाले होते आणि त्यांचे आयुष्य साथीपुरतेच होते. दारूवरील नियंत्रण महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधून येते आणि ते साथीच्या आधीही होते, नंतरही आहे. मादक पेये हा विषय संविधानाच्या राज्यसूचीत आहे, म्हणजे त्यावर कायदे करण्याचा अधिकार राज्यांचा आहे. या अधिनियमाची रचनाच अशी आहे की परवान्याशिवाय दारू गाळणे, विकणे, विकत घेणे किंवा जवळ बाळगणे हा संपूर्ण राज्यात गुन्हा आहे. ज्याला आपण दारूबंदीचा जिल्हा म्हणतो, तिथे दुकानांना परवानेच दिले जात नाहीत, एवढाच काय तो फरक. केंद्राच्या १ मे २०२० च्या आदेशाने दुकानांसमोर सहा फूट अंतर राखण्याची आणि एका वेळी पाचांहून अधिक ग्राहक न ठेवण्याची अट घालून साथीमुळे आलेला अडसर तेवढा दूर केला. परवानगी दिलेल्या बाबींपैकी कोणत्या सुरू ठेवायच्या हे राज्यांनी परिस्थिती पाहून ठरवावे, असेही त्याच आदेशात म्हटले होते. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून आणि चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून मुळात परवानेच नव्हते. त्यामुळे जे दुकान अस्तित्वातच नाही, ते या आदेशाने उघडणार तरी कसे? चंद्रपूरची बंदी उठवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ मे २०२१ रोजी घेतला. ती आधीच्या वर्षीच संपली असती, तर मंत्रिमंडळाला हा निर्णय घ्यावाच लागला नसता.

सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०२० रोजी कोणताही आदेश देण्यास नकार दिला होता. गर्दी टाळण्यासाठी अप्रत्यक्ष विक्रीचा किंवा घरपोच सेवेचा विचार राज्यांनी करावा, एवढेच न्यायालयाने सुचवले. त्यानंतर महाराष्ट्राने घरपोच विक्रीला मुभा दिली, तीही परवानाधारकांपुरती. हक्काचे म्हणाल, तर दारूचा व्यापार करण्याचा मूलभूत हक्क कोणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीज या दारू कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केलेले आहे.

दारूने विषाणू मरतो, या दाव्याला एक वाक्य पुरे : हातावर चोळलेले अल्कोहोल त्वचेवरील विषाणू नष्ट करते, पण प्यायलेली दारू शरीरातील विषाणूचे काहीच बिघडवत नाही, उलट प्रतिकारशक्ती खालावते.

वणीच्या मृत्यूंचा वापर मला सर्वांत अधिक खटकतो. एप्रिल २०२१ मध्ये तिथे सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा जीव गेला. परंतु वणी यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि यवतमाळ हा दारूबंदीचा जिल्हा नाही. तिथे परवानाधारक दुकाने होती आणि ती साथीच्या निर्बंधांमुळे बंद होती. उलट वर्धा नदीपलीकडच्या चंद्रपुरात बंदी असल्याने तिकडचे लोक पिण्यासाठी वणीकडे येत असत. तेव्हा हे मृत्यू कायमस्वरूपी दारूबंदीच्या माथी मारणे वस्तुस्थितीला धरून नाही.

तरीही या दाव्यामागील वेदना खरी आहे आणि ती नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात तुटली, की त्याचे हात कापतात, झोप उडते, फिट येऊ शकते आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. हा आजार आहे, त्यावर औषधे आहेत, आणि दुकाने बंद करताना ही औषधे व ती देणारी माणसे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवणे ही शासनाची जबाबदारी होती. केरळने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा मार्ग काढून पाहिला, तेव्हा तेथील उच्च न्यायालयाने २ एप्रिल २०२० रोजी त्याला स्थगिती दिली. व्यसन तुटल्यावर होणाऱ्या त्रासावर उपचार लागतात, दारूची बाटली हा उपचार नव्हे, हाच तेथील डॉक्टरांच्या विरोधाचा गाभा होता. वणीची आठवण काढायची, तर मागणी या उपचारांची व्हायला हवी.

राहिला गुन्हे मागे घेण्याचा मुद्दा. राज्य शासनाने २०२२ मध्ये घेतलेला निर्णय भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालील, म्हणजे टाळेबंदीचे आदेश मोडल्याच्या, गुन्ह्यांविषयी होता. हातभट्टी, मोहाचा सडवा (दारू गाळण्यासाठी आंबवलेला मोह) किंवा चोरून आणलेली देशी दारू पकडली गेली असेल, तर गुन्हा दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६५ खाली नोंदवलेला असतो आणि त्याला हा निर्णय लागू होत नाही. चंद्रपूरची बंदी उठल्यानेही तो संपत नाही, कारण विनापरवाना विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. शिवाय कलम १८८ चा खटलासुद्धा आपोआप बंद होत नाही. सरकारी वकिलाला तसा अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती मिळाल्यावरच खटला मागे घेतला जातो. त्यामुळे ज्याच्यावर असे प्रकरण असेल, त्याने पोलीस ठाण्यातून किंवा न्यायालयातून एफआयआरची प्रत घेऊन त्यावरील कलमे पाहावीत, आणि खटला संपल्याचा लेखी आदेश हाती येईपर्यंत प्रत्येक तारखेला हजर राहावे. वकील लावण्याची ऐपत नसेल, तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि कोठडीत असलेल्यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.