मावशी, तो सेन्सर किरण मारत नाही

रविवारी रात्री दहाला मावशीचा फोन. "अरे, भावाला सांग, त्या लाल डोळ्याच्या मशीनजवळ उभा राहू नकोस म्हणावं." भाऊ जालन्यात रोलिंग मिलमध्ये आहे. मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: गरम लोखंड ओळखणारा इन्फ्रारेड सेन्सर दिवसभर किरण सोडतो, त्याने मोतीबिंदू आणि मुतखडे होतात, परदेशात बंदी आहे, ड्युटीवर असताना त्याच्या काचेला चिकटपट्टी लावा.

या काचा पुसण्यात माझी अकरा वर्षं गेली. इन्फ्रारेड फेकतं ते भट्टीतून निघालेलं 1100 अंशांचं बिलेट, म्हणजे ज्याची सळई लाटतात तो लोखंडाचा ठोकळा. सेन्सर समोरून ते नुसतं बघतो आणि 'माल आला' एवढं कंट्रोलला कळवतो. लाल दिवा त्या निरोपाचा. थंड माल ओळखणारे काही सेन्सर इन्फ्रारेड सोडतात, हे कबूल. टीव्हीचा रिमोटही सोडतो.

बंदी कुठल्या देशात, ते मेसेजला माहीत नाही. मुतखडा भट्टीपाशी घाम गाळून पाणी न प्यायल्याने होऊ शकतो. तांब्या भरून ठेवा.

मोतीबिंदूचं मात्र अर्धं खरं आहे. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत इन्फ्रारेडमुळे होणारा मोतीबिंदू व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला होता. पण तो तापलेल्या धातूकडे वर्षानुवर्षं बघून होतो. भर दुपारचं ऊन चौरस मीटरला साधारण एक किलोवॅट. 1100 अंशांच्या लोखंडाचा तेवढाच पृष्ठभाग दीडशे किलोवॅटच्या आसपास फेकतो. सेन्सर काढून टाकला तरी यात काडीचा फरक पडत नाही. आमचे बंधुराज गॉगल कपाळावर चढवून फिरतात, मावशीने रागवायचं तर त्यावरून रागवावं.

आणि ती चिकटपट्टी! हे लिहिणाऱ्याने मिल लांबूनही पाहिलेली नाही. सळईचं फाटलेलं, गार झालेलं पुढचं टोक फ्लाइंग शिअर, म्हणजे धावत्या सळईला कापणारी कात्री, छाटते, आणि कधी छाटायचं ते याच सेन्सरवरून ठरतं. काच झाकली की टोक तसंच पुढच्या स्टँडमध्ये, म्हणजे सळई दाबणाऱ्या रोलरच्या जोडीत, जाऊन अडकू शकतं. मागून माल येतच असतो. मग लालभडक सळई वेटोळी घेत स्टँडबाहेर उसळते. मिलमध्ये त्याला कॉबल म्हणतात. मी एक पाहिलाय. हातातला चहा टाकून पळालो होतो.

मावशीने तो मेसेज तोवर आणखी दोन ग्रुपवर टाकला होता. फोनवरच बसून डिलीट करायला लावला.